किमतीचा रकाना

घटस्थापना झाली की लक्ष्मी रोडवरच्या सिटी पोस्टात पार्सलच्या खिडकीपुढची रांग बदलते. एरवी तिथे ऑफिसांची पाकिटं घेऊन आलेली तरुण मुलं असतात. नवरात्रात त्यांच्यामध्ये पिशव्या छातीशी धरून उभी असलेली साठी-सत्तरीची माणसं दिसू लागतात. पिशवीत चकलीचा डबा असतो, नातवासाठी विणलेला स्वेटर असतो, फुलवातींची डबी असते, घडी घालून सपाट केलेला आकाशकंदील असतो. साधू वासवानी चौकाजवळच्या जीपीओतही तेच चित्र. पुण्यातून परदेशी निघणाऱ्या या सामानातला बराचसा ऐवज कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही, कारण तो कुणा एकासाठीच केलेला असतो.

खिडकीशी पोचल्यावर एक फॉर्म भरावा लागतो. छोट्या पाकिटाला सीएन २२, मोठ्या पार्सलला सीएन २३. जगभरच्या टपाल खात्यांनी आपापसात ठरवलेला हा कस्टमचा जाहीरनामा आहे. त्यातले बहुतेक रकाने सोपे: पाठवणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचा पत्ता, वस्तू कोणती, नग किती, वजन किती. एक रकाना मात्र चांगल्या शिकलेल्या माणसांनाही थांबवतो. किंमत.

स्वतः शिवलेल्या दुपट्याची किंमत काय लिहायची? कापड जुन्या साडीचं, म्हणजे फुकटचं. दोऱ्याची रिळं पन्नास रुपयांची. दुपारच्या दुपारी त्यात गेल्या, त्यांचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. मग कुणी शून्य लिहितं, कुणी शंभर रुपये, कुणी पाच हजार. शून्य लिहिलेलं पार्सल अडतं, कारण कस्टमच्या लेखी बिनकिमतीची वस्तू नसतेच. फार कमी लिहिलं की संशय येतो, फार जास्त लिहिलं की घेणाऱ्याच्या माथी कर बसतो. अमेरिकेचा कायदा यावर स्पष्ट आहे आणि मला तो न्याय्य वाटतो: वस्तू ज्या देशातून निघाली, त्या देशात किरकोळ बाजारात तिला जी रास्त किंमत आली असती, तीच तिची किंमत. म्हणजे तुमच्या दुपट्याची किंमत न्यू जर्सीच्या मॉलमध्ये ठरत नाही, तुळशीबागेत ठरते. तसंच हाताने शिवलेलं दुपटं पुण्यात जितक्याला मिळेल, तितके रुपये लिहायचे. आईने केलेल्या वस्तूला बाजारभाव लावायला मन घेत नाही हे खरं, पण त्या रकान्यात कष्टांचं मोल मागितलेलंच नाही. तिथे फक्त कस्टमच्या अधिकाऱ्याला ताडून पाहता येईल असा आकडा हवा असतो.

हा आकडा किती महत्त्वाचा आहे, हे पुणेकरांना २०२५ सालच्या दिवाळीने शिकवलं.

त्या वर्षी ३० जुलैला अमेरिकेच्या अध्यक्षांनी एक आदेश काढला. त्याआधी ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल अमेरिकेत करमुक्त जात असे. ही सवलत २९ ऑगस्टपासून सर्व देशांसाठी बंद झाली. टपालाने येणाऱ्या मालावरचा कर कुणीतरी आधी गोळा करून अमेरिकेच्या कस्टमकडे भरायचा होता. तो कुणी, कसा भरायचा याची पद्धत बसलेली नव्हती, आणि विमान कंपन्यांनी टपालाचा माल न्यायला नकार दिला. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेच्या पार्सलांचं बुकिंग थांबवलं. सुरुवातीला पत्रं, कागदपत्रं आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू तेवढ्या वगळल्या होत्या. पण त्या न्यायलाही वाहतूकदार मिळेना, म्हणून ऑगस्ट संपता संपता सगळंच बंद झालं. हे एकट्या भारताचं नव्हतं. जागतिक टपाल संघाने जाहीर केलेल्या माहितीनुसार ८८ टपाल सेवांनी अमेरिकेची सेवा पूर्ण किंवा अंशतः थांबवली होती, आणि २९ ऑगस्टला अमेरिकेकडे जाणारं टपाल आठवड्यापूर्वीच्या तुलनेत ८१ टक्क्यांनी घटलं होतं.

राखीपौर्णिमा तेवढी वाचली. ती ९ ऑगस्टला होऊन गेली होती. गणपती, पितृपक्ष, नवरात्र, दसरा, सगळं या बंदीत गेलं. पुण्याच्या ज्या घरांत दरवर्षी सप्टेंबरात भाजणी दळून आणतात आणि अमेरिकेचा डबा आधी भरतात, तिथे डबे तसेच राहिले. दिवाळी अंकही थांबले. छापील कागद म्हणून पोस्टाने जाणारा अंक हा परदेशातल्या मराठी घराचा फराळाइतकाच जुना ऐवज आहे, आणि त्या दीड महिन्यात अमेरिकेला साधं पत्रही पोस्टाने धाडता येत नव्हतं. सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन होतं २१ ला. सहा दिवसांत पुण्याचं पार्सल मुंबईमार्गे अमेरिकेच्या दारात पोचवणं टपालाला शक्य नव्हतं. ज्यांना परवडलं त्यांनी खासगी कुरिअर केलं. ज्यांना परवडलं नाही त्यांची दिवाळी डब्याविना गेली. पेन्शनवर राहणाऱ्या जोडप्यांचा त्यात मोठा वाटा असणार, कारण पोस्टाच्या रांगेत उभी असतात ती हीच माणसं.

पुन्हा सुरू झालेल्या सेवेत भारतातून जाणाऱ्या मालावर त्या वेळी जाहीर किमतीच्या ५० टक्के कर लागू होता, आणि तो पुण्यातच, बुकिंगच्या वेळी भरून घेतला जात होता. पण एक दार उघडं राहिलं होतं. एका माणसाने दुसऱ्या माणसाला, व्यापाराविना पाठवलेली १०० डॉलरपर्यंतची भेट करमुक्त होती. त्या वेळच्या दराने साधारण ८,८०० रुपये. हाताने केलेल्या बहुतेक वस्तू या आकड्याच्या आत आरामात बसतात. स्वेटर बसतो, दुपटं बसतं, क्रोशाचं तोरण बसतं, फराळाचा डबा बसतो. म्हणजे जो माणूस किमतीच्या रकान्यात खरं लिहील आणि वरच्या चौकोनात 'भेट' यावर खूण करील, त्याला कराची भीती बाळगायचं कारण नव्हतं.

ही मर्यादा एका व्यक्तीला एका दिवसासाठी असते. एकाच खोक्यात मुलीला, जावयाला आणि नातीला वेगवेगळ्या भेटी असतील, तर प्रत्येकाचं पुडकं निराळं बांधायचं, त्यावर त्याचं नाव घालायचं आणि फॉर्मवरही तसं नोंदवायचं. मग प्रत्येकाची मर्यादा स्वतंत्र धरली जाते. ब्रिटनमध्ये भेटवस्तूची करमुक्त मर्यादा ३९ पौंड आहे, युरोपीय संघात ४५ युरो, कॅनडात ६० कॅनेडियन डॉलर. लंडनला पैठणी धाडणाऱ्याने हे आधी पाहून घ्यावं. कर तिकडे मुलीला भरावा लागतो आणि त्यावर टपालाचा हाताळणी आकारही बसतो.

खाण्याच्या पदार्थांबाबत अमेरिकेच्या कायद्यात एक तरतूद आहे. ती पुण्यातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे, आणि ती वाचून मला मनापासून बरं वाटलं. २००१ च्या हल्ल्यांनंतर तिथे २००२ मध्ये जैविक दहशतवादाविरुद्धचा कायदा झाला. त्यानुसार बाहेरून येणाऱ्या प्रत्येक खाद्यपदार्थाची आगाऊ सूचना तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला द्यावी लागते: कुणी बनवला, कुठे बनवला, कधी पोचणार. डिसेंबर २००३ पासून हे अमलात आहे. भीतीपोटी केलेल्या या कडक नियमातही एक अपवाद शब्दांत लिहून ठेवला आहे. माणसाने स्वतःच्या राहत्या घरी तयार केलेला आणि स्वतःच, धंद्याचा हेतू न ठेवता, अमेरिकेतल्या दुसऱ्या माणसाला भेट म्हणून पाठवलेला पदार्थ या सूचनेतून मुक्त आहे. दुकानातून आणलेल्या चिवड्याला आगाऊ नोंद लागते, कोथरूडच्या स्वयंपाकघरात परतलेल्या चिवड्याला लागत नाही. मात्र ही सूट फक्त सूचनेपुरती आहे. मांस, ताजी फळं, बिया-रोपं यांवरचे शेतकी खात्याचे निर्बंध तसेच राहतात. आणि घरचा म्हणून लिहायचं आणि डब्यात दुकानाचं पाकीट घालायचं, हे कुणी करू नये. फॉर्मवरची सही तुमची असते आणि त्रास तिकडच्या माणसाला होतो.

फराळातलं काय टिकतं, हे बायकांना नियमांच्या आधीपासून माहीत आहे. शंकरपाळी सगळ्यांत भरवशाची. तिला फुटायला आणि बिघडायला फारसं काही नाही. बेसनाचे लाडू टिकतात, पाकातले रवा-नारळाचे टिकत नाहीत, ओल्या नारळाचं तर नावच नको. चकली टिकते पण मोडते, म्हणून ती रुंद डब्यात आडवी रचून वर-खाली कागदाच्या बोळ्यांनी आवळायची. करंजीला तो प्रवास सोसत नाही. तिकडे पोचतं ते सारण आणि पापुद्रे. चिवड्याचं दुखणं वेगळं. त्यातलं तेल हवा लागली की खवट होतं, तेव्हा तो सीलबंद पिशवीतच हवा. भाजणीचं पीठ पाठवायचं आणि चकल्या तिकडे पाडायला सांगायचं, हा सगळ्यांत शहाणपणाचा मार्ग, आणि पुण्यातल्या अनेक घरांनी तो केव्हाच धरला आहे. सोबत लाकडी सोऱ्या गेला असेल तर मात्र ऑस्ट्रेलियात तो तपासणीला थांबू शकतो.

खसखशीचं प्रकरण गंभीर आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. खसखस ही अफूच्या बोंडातली बी. आपल्याकडे ती वाण्याकडे मिळते, पण संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात तिला कायद्याने बंदी आहे, आणि तिथे हा अमली पदार्थांचा प्रश्न मानला जातो. आता आपला फराळ आठवा. अनारसे खसखशीवर थापतात. करंजीच्या सारणात ती भाजून घालतात. डिंकाच्या लाडवात ती असतेच. म्हणजे दुबईला असलेल्या लेकीच्या बाळंतपणासाठी धाडलेला डिंकाचा लाडू तिला पोलिसांच्या दारात उभं करू शकतो. माझ्या मावशीने सिंगापूरला धाडायला लाडू करायला घेतले होते. खारीक कुटून झाली होती, डिंक तळून झाला होता, तेव्हा शेजारच्या काकूंनी खसखशीचं सांगितलं आणि ती वाटी बाजूला राहिली. खसखशीविना लाडू काही वाईट होत नाही. पोस्टाच्या खिडकीवर याची पाटी असायला हवी, मराठीत, मोठ्या अक्षरांत. ती मला दिसलेली नाही.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचं भय किडीचं आणि रोगांचं. त्यांची शेती आणि जंगलं बाहेरच्या किडीपासून दूर राहिली आहेत आणि ती तशीच राहावीत म्हणून ते फार जपतात. दुधाची मिठाई, बिया, मध, ताजी पानं-फुलं तिथे धाडू नयेत. बुरुडांकडून घेतलेली बांबूची परडी किंवा सूप भेट म्हणून सुंदर दिसतं, पण साल राहिलेला किंवा भुंग्याने कोरलेला बांबू तिथल्या तपासणीत नष्ट होतो. ब्रिटन आणि युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून खासगी पार्सलने मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. पेढे, बर्फी, खवा आणि तूप सरळ त्यात येतात.

खाऊबद्दल इतकं लिहिलं, पण माझ्या मते टपालाने धाडायची खरी भेट कापड आणि दोरा यांचीच. फुटत नाही, नासत नाही, नियमांत अडकत नाही आणि वर्षानुवर्षं वापरात राहते. जुन्या बाळंतविड्याची यादी काढून पाहा: झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट, आणि शेवटी लाडू. आपल्या आज्यांनी यातला मोठा भाग शिवणाचा ठेवला होता. परदेशातल्या लेकीकडे बाळंतपणाला आई जाऊ शकली तर विडा तिच्या बॅगेतून जातो. व्हिसा मिळाला नाही, वडिलांची तब्येत बरी नाही, स्वतःचे गुडघे चालत नाहीत, असं काही झालं की तो पोस्टाने जातो. म्हणून या पार्सलांना मी इतकं मानतो. जिथे माणूस पोचू शकत नाही तिथे ती जातात.

गोधडीचं तर काय सांगावं. पुण्याच्या पेठांतून आणि उपनगरांतून गोधड्या शिवून देणाऱ्या बायका अजूनही फिरतात. जुन्या साड्या, धोतरं, लुगडी थरावर थर लावून त्या धावदोऱ्याने शिवतात, कडेकडेने आत येत मध्यापर्यंत. आजीच्या साड्यांची गोधडी तिच्यामागे तीन नातवंडांसाठी तीन, अशी शिवून घेणारी घरं आहेत. त्यांतलं एक नातवंड बर्लिनला असतं, एक टोरांटोला.

इथे वजनाचा प्रश्न येतो. खासगी कुरिअर कंपन्या पार्सलचं खरं वजन आणि आकारमानाचं वजन, यांपैकी जे जास्त त्याचे पैसे लावतात. आकारमानाचं वजन काढायची त्यांची रूढ पद्धत अशी: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं. गोधडी भरलेलं ४० बाय ३० बाय ३० चं खोकं घ्या. गोधडी असेल अडीच किलोची, पण पैसे लागतील ७.२ किलोचे. तीच गोधडी हवा काढून घेणाऱ्या पिशवीत दाबून खोक्याची उंची १५ वर आणली, तर हिशेब ३.६ किलोवर येतो. आकाशकंदिलाचंही तसंच. सांगाडा उभा करून पाठवलात तर हवेचं भाडं भराल; कामट्या आणि कागद सुटे, वर जोडणीचं चित्र, असं पाठवलं तर एका पाकिटात मावतो. तिकडच्या मुलांना तो जोडताही येतो.

एकेकाळी पार्सल शिवूनच पाठवत. मांजरपाटाचं कापड, दाभण, जाड दोरा, प्रत्येक सांध्यावर लाखेचा ठिपका आणि त्यावर मोहोर. मोठ्या पोस्टांच्या बाहेर हे काम करून देणारे लोक बसत. जहाजाने गेलेलं पार्सल महिने महिने वाटेत असे, तेव्हा त्या शिवणीला अर्थ होता. आता यंत्रांवर फिरणाऱ्या टपालाला सपाट, टणक, चिकटपट्टी लावलेलं पुठ्ठ्याचं खोकंच मानवतं. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास अशी खोकी, फुगे असलेलं प्लॅस्टिक आणि चिकटपट्ट्या घाऊक भावात मिळतात. खोक्याच्या आतही एका कागदावर दोन्ही पत्ते लिहून ठेवावेत. बाहेरचं लेबल फाटलं तरी पार्सल अनाथ होत नाही.

पुणे आणि परदेश यांच्यातल्या टपालाची गोष्ट सांगताना आनंदीबाई जोशी यांना वगळता येत नाही. त्यांचं शिक्षणच टपालामुळे शक्य झालं. पती गोपाळराव टपाल खात्यात कारकून. त्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र तिथल्या नियतकालिकात छापून आलं आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आलं. भारत १८७६ मध्येच जागतिक टपाल संघात सामील झाला होता, आणि एका सामान्य कारकुनाच्या घरातून अमेरिकेशी नियमित पत्रव्यवहार चालावा इतपत टपाल आवाक्यात आलं होतं. एकमेकींना कधी न पाहिलेल्या या दोन बायकांचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई आजारी असतात असं कळल्यावर कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधं धाडली. त्या औषधांनी गुण आला नाही, पण नातं जुळलं. १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा कार्पेंटरबाई त्यांना घ्यायला आल्या होत्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना ११ मार्च १८८६ रोजी मिळाली. परत आल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वयाची बावीस वर्षं पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. आजही ती तिथे आहे. पुण्याहून सातासमुद्रापार एका घराने दुसऱ्या घराकडे सोपवलेल्या ऐवजात यापेक्षा जड ऐवज मला माहीत नाही.

पुढे लोक जाऊ लागले तसं सामानही जाऊ लागलं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं. अमेरिकेने १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलला आणि तिथे जाणाऱ्या डॉक्टर-इंजिनिअरांत पुण्याची मुलं मोठ्या संख्येने होती. त्या पिढीच्या आया एअरोग्रामवर मेतकुटाची कृती लिहून कळवत आणि वर्षातून एकदा गोड्या मसाल्याचं पार्सल धाडत. आज मसाले तिथल्या भारतीय दुकानांत मिळतात, चकल्या मिळतात, पुण्याच्या नामांकित दुकानांची बाकरवडीही मिळते. त्यामुळे पार्सलातून विकतचं कमी झालं आणि हाताचं उरलं, हा बदल मला चांगला वाटतो. तिकडे न मिळणारं तेवढंच आता पाठवण्यासारखं आहे.

त्यात सगळ्यांत नाजूक वस्तू म्हणजे हलव्याचे दागिने. नव्या सुनेची पहिली संक्रांत, बाळाचं बोरन्हाण. काळ्या कापडावर पांढरेशुभ्र दागिने. तीळ, खसखस किंवा साबुदाण्याचा दाणा परातीत मंद आचेवर घ्यायचा, साखरेचा पाक चमच्या-चमच्याने सोडत बोटांनी सतत फिरवत राहायचा, तेव्हा कुठे त्यावर काटा धरतो. तासन् तास हे चालतं आणि हवेत गारठा असेल तरच काटा नीट येतो. मग ते दाणे ओवून किंवा चिकटवून मंगळसूत्र, बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी, बाळासाठी मुकुट आणि बासरी असे दागिने घडवतात. संक्रांत आली की तुळशीबागेच्या आसपासच्या दुकानांत ते टांगलेले दिसतात, आणि घरी करणाऱ्या बायका पेठांतून अजून आहेत.

परदेशी धाडताना इथे काळाची अडचण येते. संक्रांत १४ जानेवारीच्या सुमारास. हलवा चांगला होतो तो डिसेंबरच्या मध्यापासून पुढे, थंडी पडल्यावर. आणि नेमकं तेव्हाच युरोप-अमेरिकेचं टपाल नाताळाच्या पार्सलांनी तुंबलेलं असतं. डिसेंबरच्या शेवटी धाडलेला मुकुट बोरन्हाण झाल्यावर पोचतो. म्हणून जाणत्या बायका नोव्हेंबरअखेरच्या पहिल्या थंडीत, पहाटे उठून हलवा करायला बसतात. दमट हवेत दाणे चिकटतात, तेव्हा दागिने हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुडीसह ठेवायचे. कार्डावर टाके घालून बसवलेले दागिने सुट्या माळांपेक्षा चांगले पोचतात. दुबई किंवा सिंगापूरसाठी दाणा तिळाचा किंवा साबुदाण्याचाच, खसखशीचा नको.

कसबा पेठेतल्या दोन जागांचीही नोंद केली पाहिजे. तांबट आळीत तांब्याच्या पत्र्यावर मठारकाम करून हाताने घडवलेली भांडी मिळतात. वजनाला जड पडतात, पण प्रवासात त्यांना काही होत नाही, आणि परदेशातल्या घरासाठी तांब्याचा तांब्या ही भेट आयुष्यभर राहते. जवळच कुंभारवाड्यात दिवाळीआधी पणत्या आणि किल्ल्यावर मांडायचे मातीचे मावळे मांडलेले असतात. पणती धाडायची तर एकात एक न रचता प्रत्येकीला कागदात गुंडाळून उभी ठेवावी. मावळे हट्टाने पाठवावेत, मात्र एकेक कापसात गुंडाळून. टोरांटोच्या बाल्कनीत मातीचा किल्ला करणाऱ्या मुलाला शिवाजी महाराज आणि मावळे इथूनच मिळाले पाहिजेत.

राखीबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे, तोही सांगतो. राखी पाकिटात मावते म्हणून ती पत्रासारखी टाकून देतात. टपालाच्या लेखी राखी ही वस्तू आहे, तिला कस्टमचा फॉर्म लागतो, आणि मोठ्या मण्यांची किंवा धातूची राखी पातळ पाकिटातून यंत्रात गेली तर पाकीट फाटतं. रेशमाची सपाट राखी हाताने करा, पुठ्ठ्यावर टाचा आणि निदान महिनाभर आधी धाडा.

फॉर्मवर नुसतं 'भेट' लिहून आता चालत नाही. अमेरिकेने २०१८ मध्ये आणि युरोपीय संघाने २०२१ पासून पार्सल विमानात चढण्याआधीच त्याची माहिती इलेक्ट्रॉनिक रूपात मागायला सुरुवात केली. म्हणून खिडकीवरचा कर्मचारी तुमचा फॉर्म संगणकात उतरवतो. तुम्ही मोघम लिहिलंत तर त्याला मोघमच भरावं लागतं आणि पार्सल मुंबईत अडतं. 'बाळासाठी सुती दुपटं, हाताने शिवलेलं, नग एक', असं लिहा, तेही इंग्रजीत आणि सुवाच्य. घेणाऱ्याचा फोन नंबर द्या. बॅटरीचे दिवे, अत्तर, स्प्रे, द्रवपदार्थ घालू नका. बॅटरीच्या दिव्यांची माळ आकाशकंदिलासोबत जाऊ शकत नाही, ती तिकडे घ्यावी.

टपाल खात्याकडे एक मागणी करायची आहे. दिवाळीच्या आधीचे दोन महिने सिटी पोस्ट आणि जीपीओमध्ये मराठी बोलणारा एक कर्मचारी फक्त परदेशी पार्सलांसाठी बसवावा, ज्येष्ठांना फॉर्म भरून द्यावा, आणि देशानुसार काय चालतं, काय चालत नाही याचा एक पानाचा मराठी तक्ता भिंतीवर लावावा. याला नवीन यंत्र लागत नाही, नवीन इमारत लागत नाही. २०२५ सारखी बंदी पुन्हा आली तर तिची सूचनाही मराठीत, पहिल्याच दिवशी लावावी. त्या सप्टेंबरात डबा घेऊन आलेली माणसं खिडकीवरून परत फिरली तेव्हाच त्यांना बंदी कळली.

आणि वाचकांना एवढंच सांगायचं आहे. पैसे पाठवणं सोपं आहे, तिकडच्या दुकानातून ऑनलाइन मागवून देणं त्याहून सोपं. तरी वर्षातून एक वस्तू हाताने करून पोस्टाने धाडा. दिवाळीची असेल तर पितृपक्षाच्या आत, संक्रांतीची असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, बाळंतविडा असेल तर आठव्या महिन्याआधी. किमतीच्या रकान्यात पुण्याच्या बाजारातला खरा भाव लिहा, पावती जपून ठेवा आणि तिच्यावरचा क्रमांक त्याच दिवशी मुलांना कळवा.